चर्चागटातला चिवट स्पॅम: पहारा शब्दांवर ठेवावा की वागण्यावर?

वाचकाचे पत्र

"सप्रेम नमस्कार. मधुमेही व्यक्ती आणि त्यांची काळजी घेणारे कुटुंबीय यांच्यासाठी असलेला एक ऑनलाइन चर्चागट मी गेली सहा वर्षे चालवते. आज गटात सुमारे 2,400 सदस्य आहेत. वर्षभरापूर्वीपर्यंत सारे सुरळीत होते. आता मात्र रोज दहा-पंधरा जाहिराती येऊन पडतात. 'मधुमेह मुळापासून बरा करा', झटपट कर्ज, सट्टेबाजीची अ‍ॅप्स, घरबसल्या कमाई, असे सगळे. मी नको असलेल्या शब्दांची यादी केली आणि ती वाढत वाढत 340 शब्दांवर गेली. यादीतला शब्द आला की पोस्ट आपोआप अडते. तरीही जाहिराती येतातच आणि चांगल्या सदस्यांच्या पोस्ट मात्र अडतात. गेल्या महिन्यात एका जुन्या सदस्याने रात्री साडेअकरा वाजता आईची साखर अचानक खाली जात असल्याबद्दल विचारले होते. ती पोस्ट तीन दिवस अडकून पडली आणि माझ्या लक्षातही आले नाही. ते सदस्य गट सोडून गेले. (ती पोस्ट आणि माझी यादी सोबत जोडली आहे.) काही जण म्हणतात की प्रत्येक पोस्ट तपासूनच प्रसिद्ध करावी, काही म्हणतात की परदेशी क्रमांक आणि फुकटच्या ईमेलवरून उघडलेली खाती सरसकट बंद करावीत. जाहिराती टाकणाऱ्यांपैकी काही जण तर कित्येक आठवडे गटात होते, याचे मला राहून राहून नवल वाटते. मी थकले आहे. यावर कायमचा उपाय आहे का, की गट बंदच करू?"

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न स्पॅमचा, म्हणजे नको असलेल्या जाहिरातींचा असला, तरी तुमचे पत्र वाचून मी अस्वस्थ झालो तो रात्री साडेअकराच्या त्या पोस्टमुळे. दहा जाहिराती गटावर दिसल्या तर लोक कंटाळतात, चिडतात, फार तर दोन दिवस गटाकडे फिरकत नाहीत. पण घाबरलेल्या मुलाने मध्यरात्रीच्या सुमारास टाकलेला प्रश्न कोणालाच दिसला नाही, तर "ताबडतोब डॉक्टरांना फोन करा" एवढे सांगणारा माणूसही त्याला मिळत नाही. म्हणून यापुढचे सारे मी एकाच कसोटीवर सांगणार आहे: एखादी जाहिरात निसटली तर चालेल, खरा प्रश्न अडता कामा नये.

ती पोस्ट का अडली, हे मला तुमच्या यादीतच सापडले. 212 व्या क्रमांकावर तुम्ही 'बेट' हा पैज या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला आहे. सट्टेबाजीच्या जाहिराती रोखण्यासाठी तो घातला असणार, हे उघड आहे. तुमचा फिल्टर मात्र शब्द म्हणून नव्हे, तर अक्षरांचा तुकडा म्हणून शोध घेतो आणि त्या सदस्याच्या पोस्टची सुरुवात अशी आहे: "आईला बारा वर्षांपासून डायबेटिस आहे." 'डायबेटिस' या शब्दाच्या पोटात 'बेट' आहे. तुमचे बहुतेक सदस्य 'मधुमेह' किंवा 'शुगर' असे लिहीत असावेत, म्हणून हे इतके दिवस तुमच्या ध्यानात आले नाही. पण ज्यांनी ज्यांनी 'डायबेटिस' लिहिले, त्या सर्वांच्या पोस्ट मधुमेहाच्याच गटात अडल्या असणार. त्याच यादीत 'लोन' आहे. तुमच्या गटात सलोनी नावाची एखादी सदस्य असेल आणि ती पोस्टखाली आपले नाव लिहीत असेल, तर तिचीही प्रत्येक पोस्ट अडली असेल, कारण 'सलोनी'मध्ये 'लोन' आहे. आज पहिले काम हेच करा: अडलेल्या पोस्टची रांग उघडा, मागचा सगळा महिना वाचून काढा आणि जे सुटायला हवे ते सोडा.

यात तुम्ही एकट्याच चुकलात असे मुळीच नाही. 1996 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या ऑनलाइन सेवेच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प या गावच्या रहिवाशांना खातीच उघडू दिली नव्हती, कारण गावाच्या नावाच्या मधोमध एका शिवीची अक्षरे येतात. तेव्हापासून या चुकीला त्या गावाचेच नाव पडले आहे. देवनागरीत ही अडचण आणखी खोल जाते. फिल्टरमध्ये 'फक्त पूर्ण शब्द जुळवा' अशी सोय असते, पण ती बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. काही प्रणाली मात्रेला आणि वेलांटीला अक्षरच मानत नाहीत. त्यामुळे मात्रा आली की शब्द संपला अशी त्यांची समजूत होते आणि 'पूर्ण शब्द' अशी खूण करूनही 'बेट' शोधताना 'बेटा' आणि 'बेटी' पकडले जातात. काही प्रणालींना तर रोमनपलीकडची कोणतीच लिपी शब्द म्हणून कळत नाही. तिथे ही खूण केली की देवनागरी शब्द कधीच पकडला जात नाही आणि आपण मात्र पहारा बसवला आहे या समाधानात राहतो. तुमच्या प्रणालीत यांपैकी काय घडते, हे दुसऱ्या खात्यावरून चार चाचणी-पोस्ट टाकल्याशिवाय कळणार नाही.

हे सारे दुरुस्त केले, तरी शब्दांची यादी हा तुमच्या गटासाठी मुख्य उपाय होऊ शकत नाही. याचे कारण साधे आहे. जाहिरातवाला आणि तुमचा सदस्य, दोघेही एकाच विषयावर बोलत आहेत. 'वजन', 'औषध', 'साखर', 'उपचार', 'खात्रीशीर', 'डोस' हे शब्द ठग वापरतो तसेच रुग्णाचा भाऊही वापरतो. उलट जाहिरातवाल्याला तुमची यादी चुकवणे अतिशय सोपे आहे. तो 'लोन' असे न लिहिता अक्षरांमध्ये जागा सोडतो, मध्ये एखादा बिंदू टाकतो, मजकुराचे चित्र करून पाठवतो, किंवा लिंकमधल्या एखाद्या रोमन अक्षराच्या जागी हुबेहूब तसेच दिसणारे सिरिलिक, म्हणजे रशियनसारख्या भाषांच्या लिपीतले अक्षर घालतो. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, संगणकाच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी अक्षरे असतात. काही जण शब्दाच्या मध्ये अदृश्य चिन्हे घुसडतात. अशी अदृश्य चिन्हे असलेली प्रत्येक पोस्ट अडवावी, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो कृपया मानू नका. 'दुसऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' या शब्दांतला अर्धा र अनेक कळफलकांवर शून्य रुंदीच्या जोडचिन्हानेच, म्हणजे अशाच एका अदृश्य चिन्हाने टाइप होतो. रोमन लिपीसाठी शहाणपणाचा असलेला हा नियम मराठीत लावला, तर निम्म्या गटाची वाचा बंद होईल. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे.

मग पाहायचे कशाकडे? पोस्टमध्ये काय लिहिले आहे याकडे कमी आणि ती टाकणारा गटात कसा वागतो याकडे जास्त, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते माझे एकट्याचे नाही. 12 एप्रिल 1994 रोजी अमेरिकेतल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या लॉटरीसंबंधीच्या आपल्या कामाची जाहिरात यूजनेट या इंटरनेटवरच्या चर्चागटांच्या जुन्या जाळ्यातल्या हजारो गटांवर एकाच वेळी ओतली. त्या काळी गट चालवणाऱ्यांपुढे तुमच्यासारखाच पेच उभा राहिला: कोणता मजकूर चांगला आणि कोणता वाईट हे ठरवायचे कोणी? त्यांनी शोधलेला मार्ग मला आजही फार विचारपूर्वक काढलेला वाटतो. मजकुराकडे पाहायचेच नाही; तो किती ठिकाणी ओतला एवढेच मोजायचे. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक निर्देशांक त्यासाठी वापरात आला. पोस्टची प्रत्येक प्रत किती गटांवर गेली, त्या संख्येचे वर्गमूळ काढायचे आणि साऱ्या प्रतींची वर्गमुळे मिळवायची. एकच पोस्ट एकदाच नऊ गटांना मिळून टाकली तर तिचे तीन गुण होतात. तीच नऊ गटांवर नऊ वेळा स्वतंत्रपणे टाकली तर नऊ होतात. 45 दिवसांत ही बेरीज 20 वर गेली की पोस्ट स्पॅम ठरून रद्द करण्यायोग्य मानली जाई, मग तिच्यात धर्मोपदेश असो की औषधाची जाहिरात. मताला हात न लावता वागण्याला लगाम घालण्याची ही पद्धत होती. तुमच्या गटाला हा निर्देशांक जसाच्या तसा लागू पडणार नाही, पण त्यामागचा विचार नक्की लागू पडेल.

स्पॅम टाकणाऱ्याचा सारा धंदा एका गोष्टीवर उभा आहे: त्याला पोस्ट टाकायला काहीच खर्च येत नाही. हजारात एक माणूस फसला तरी त्याचे काम भागते. त्याचे खाते म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. एक बंद केले की दुसरे तयार असते. म्हणूनच खाती बंद करत बसण्याने तुम्ही थकता आणि तो थकत नाही. त्याला महाग पडतो तो वेळ. एका गटात टिकून राहायचे, वाट पाहायची, विषयाला धरून दोन-चार वाक्ये लिहायची आणि एवढे करून एकच जाहिरात टाकायला मिळवायची, हे त्याला परवडत नाही. तुमच्या खऱ्या सदस्याला मात्र हेच सहज जमते, कारण तो त्यासाठीच आलेला असतो.

म्हणून नव्या सदस्याच्या पहिल्या तीन पोस्ट छाननीच्या रांगेत जातील अशी व्यवस्था करा आणि त्या तीन मान्य झाल्या की त्याला मोकळे सोडा. बहुतेक चर्चा-प्रणालींत ही सोय असते. ईमेलवर चालणाऱ्या चर्चागटांत, म्हणजे मेलिंग लिस्टमध्ये, नव्या सदस्याला सुरुवातीला देखरेखीखाली ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि डिस्कोर्ससारख्या प्रणालीत शून्य ते चार अशा विश्वासाच्या पायऱ्याच आखलेल्या आहेत; सदस्य वाचतो, लिहितो, तसतशी त्याची मुभा वाढत जाते. पहिल्या काही दिवसांत लिंक, चित्र, फोन क्रमांक आणि दुसरीकडून फॉरवर्ड केलेला मजकूर एवढ्या चार गोष्टी नव्या सदस्याला टाकता येऊ नयेत. साध्या शब्दांत प्रश्न विचारायला मात्र पहिल्या मिनिटापासून मुभा हवी आणि तो रांगेत गेला आहे, किती वेळात दिसेल, हे त्याला त्याच क्षणी कळायला हवे. तुमच्या गटाचे स्वरूप पाहता त्या सूचनेत "प्रकृतीची तातडीची अडचण असेल तर गटावरच्या उत्तराची वाट पाहू नका, डॉक्टरांशी बोला" हे वाक्य अवश्य घाला.

सदस्यत्व देताना एक खुला प्रश्न विचारा. "तुम्ही या गटात का येऊ इच्छिता?" हा प्रश्न जुनाच आहे, पण कामाचा आहे. खरा माणूस "वडिलांना नुकतेच निदान झाले, काही समजत नाही" असे काहीतरी लिहितो. जाहिरातवाला "माहितीसाठी" एवढेच लिहितो किंवा रकाना मोकळा सोडतो. वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारे कोडे, म्हणजे कॅप्चा, ठेवायचे असेल तर ठेवा, पण त्यावर विसंबू नका. यंत्राला वेगळे काढण्यासाठी ते चांगले होते. आता मात्र पैसे घेऊन अशी कोडी सोडवून देणारी माणसे मिळतात. शिवाय तुमच्या गटातल्या अनेकांची दृष्टी मधुमेहामुळे अधू झालेली असू शकते. त्यांच्या वाटेत हा अडथळा घालणे मला योग्य वाटत नाही.

कित्येक आठवडे गप्प बसलेल्या सदस्यांबद्दल तुम्ही लिहिले आहे, तिकडे आता वळतो, कारण शब्दांची यादी इथे पूर्ण निकामी ठरते. असे खाते जवळून कसे दिसते ते सांगतो. खाते उघडल्यावर पहिल्याच दिवशी, सहा-सात मिनिटांच्या आत, चार वेगवेगळ्या जुन्या चर्चांमध्ये त्याची उत्तरे दिसतात: "खूप छान माहिती, धन्यवाद." "अगदी बरोबर आहे." चौथे उत्तर जरा मोठे आणि मुद्देसूद असते, नीट पाहिले तर त्याच चर्चेत दीड वर्षापूर्वी दुसऱ्याने लिहिलेला परिच्छेद उचलून तिथे चिकटवलेला असतो. त्यानंतर शांतता. दहा-पंधरा दिवसांनी, चर्चा मागे पडलेली असताना, तो माणूस गुपचूप आपल्या जुन्या पोस्टवर जातो, 'संपादन' दाबतो आणि "धन्यवाद" या शब्दालाच लिंक जोडतो. नवी पोस्ट आलेली नसल्यामुळे कोणालाही सूचना जात नाही. ती लिंक शोधयंत्रांना आणि पुढे कधीतरी ती चर्चा वाचायला येणाऱ्या रुग्णाला दिसत राहते. यावर उपाय दोन. पोस्ट टाकल्यानंतर संपादनाची मुदत नव्या सदस्यांना तासाभराचीच द्या, आणि संपादनात नवी लिंक आली तर पोस्ट पुन्हा रांगेत जाईल असे करा. पहिल्या तीन पोस्टची छाननी करतानाही "धन्यवाद" एवढ्याला पोस्ट मानू नका. गटाच्या विषयाशी त्याचा स्वतःचा काही संबंध दिसतो का, हे पाहा.

गप्प खात्यांचा दुसरा प्रकार याहून दुःखद आहे. खाते खरोखरच जुन्या, भल्या सदस्याचे असते, पण त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागलेला असतो. चार वर्षे पथ्याच्या पाककृती लिहिणाऱ्या बाई एके दिवशी पहाटे तीन वाजता गुंतवणुकीच्या योजनेची लिंक टाकतात, तेव्हा त्यांना हाकलून देऊ नका. खाते थांबवा, दुसऱ्या मार्गाने त्यांच्याशी संपर्क साधा, पासवर्ड बदलून द्विस्तरीय पडताळणी सुरू करायला सांगा, आणि नंतर गटावर एका ओळीत खुलासा करा, म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही. तुमचे स्वतःचे आणि इतर अ‍ॅडमिनचे खाते तर आजच तसे सुरक्षित करा. अ‍ॅडमिनचे खाते गेले की बाकी कोणत्याच व्यवस्थेला अर्थ उरत नाही.

शब्दांची यादी टाकून देऊन आपोआप शिकणारा फिल्टर बसवावा का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. 2002 साली पॉल ग्रॅहम यांनी लिहिलेल्या एका निबंधामुळे ही पद्धत सर्वत्र पोचली, जरी बेझ या गणितज्ञाच्या संभाव्यतेच्या नियमावर आधारलेले असे फिल्टर संशोधकांनी त्याआधीच, 1998 मध्ये, मांडले होते. तुम्ही त्याला चांगल्या आणि वाईट पोस्टचे दोन ढीग दाखवता. कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो हे तो मोजतो आणि नवी पोस्ट कोणत्या ढिगातली असण्याची शक्यता किती, हे सांगतो. तुमच्याच गटाच्या पोस्टवर शिकवलेला असा फिल्टर 340 शब्दांच्या यादीपेक्षा नक्कीच शहाणा असेल, कारण तुमच्या गटात 'डायबेटिस' हा शब्द चांगल्या ढिगात शेकडो वेळा येतो हे त्याला आपोआप कळेल. पण एक हिशेब आधी समजून घ्या. समजा, हजार पोस्टमध्ये 30 जाहिराती आहेत आणि 970 खऱ्या आहेत. फिल्टर इतका चांगला आहे की 30 पैकी 29 जाहिराती पकडतो आणि खऱ्या पोस्टच्या बाबतीत शंभरात दोनदाच चुकतो. ऐकायला हे उत्तम वाटते. आता 970 च्या शेकडा दोन म्हणजे साधारण 19. फिल्टरने एकूण 48 पोस्ट अडवल्या आणि त्यांतल्या 19 निर्दोष निघाल्या. म्हणजे अडलेल्या दर पाचांपैकी दोन तुमच्या सदस्यांच्या. खऱ्या पोस्ट संख्येने इतक्या जास्त असतात की छोटी चूकही मोठी होते. यासाठीच माझा आग्रह आहे की कोणत्याही फिल्टरला, मग तो कितीही हुशार असो, पोस्ट पुसून टाकण्याचा अधिकार देऊ नका. त्याने फक्त बाजूला काढावे आणि माणसाने पाहावे. ज्यांच्या पन्नासेक पोस्ट गटावर आहेत अशा जुन्या सदस्यांना तर त्याने अडवूच नये. त्यांची पोस्ट संशयास्पद वाटली तर ती दिसू द्यावी आणि तुम्हाला तेवढी सूचना द्यावी.

बाजूला काढलेली रांग कोणी पाहत नसेल, तर ती रांग नव्हे, आडच झाला. तुमच्या गटात नेमके हेच घडले. सहा वर्षे तुम्ही हे काम एकटीने केलेत, हे वाचून मला तुमच्याबद्दल आदर वाटला आणि काळजीही वाटली. अजून तीन जण जोडीला घ्या आणि ते वेगवेगळ्या वेळी जागे असणारे असावेत: एक पहाटे उठणारे, एक दुपारी मोकळे असणारे, एक रात्री उशिरापर्यंत जागणारे. कोणतीही पोस्ट चार तासांपेक्षा जास्त रांगेत राहणार नाही, असे आपसांत ठरवा आणि ते पाळता येत नसेल तर नियम सैल करा, रांग लांबवू नका. नाकारलेल्या पोस्टचे कारण एका ओळीत नोंदवत जा. महिन्याभराने ती वही चाळली की फिल्टर कुठे चुकतो हे तुम्हाला आपोआप दिसेल.

प्रत्येक पोस्ट तपासून प्रसिद्ध करण्याचा मार्ग मी म्हणूनच नाकारतो. एखाद्या रात्री शंभर खात्यांची झुंडच गटावर आली, तर तासा-दोन तासांसाठी तो उपाय जरूर करा. दोन पोस्टमध्ये ठरावीक अंतर सक्तीचे करणारा मंद वेग हाही तशा वेळी उपयोगी पडतो. पण प्रत्येक पोस्टची तपासणी रोजच लागू केली, तर संभाषण मरते. प्रश्न दुपारी विचारला आणि उत्तर संध्याकाळी दिसले, की लोक बोलायचे थांबतात.

परदेशी क्रमांक आणि फुकटचे ईमेल सरसकट बंद करण्याविषयी थोडक्यात. 2024 च्या आधीच्या काही वर्षांत गूगल ग्रुप्स या गूगलच्या चर्चागट-सेवेतून यूजनेटवर इतका स्पॅम येऊ लागला, की अनेक वाचकांनी त्या दारातून येणारी प्रत्येक पोस्ट गाळून टाकायला सुरुवात केली. शेवटी 22 फेब्रुवारी 2024 पासून गूगलनेच यूजनेटवर नव्या पोस्ट पाठवणे बंद केले. त्या वाचकांचा त्रास खरा होता, पण त्याच दारातून लिहिणारी साधी, प्रामाणिक माणसेही त्यात अबोल झाली. तुमच्या गटात परदेशी राहून इथल्या आईवडिलांची औषधे सांभाळणारी मुले असतील, आणि फुकटचा ईमेल तर आपण बहुतेक सगळेच वापरतो. दार कोणते, यावरून माणूस ठरवू नका.

काही जाहिराती गटावर येतच नाहीत. सदस्यांची यादी पाहून त्यांना खासगी निरोप पाठवले जातात. तुमच्या गटाला याचा धोका सर्वांत जास्त आहे, कारण "तुमची पोस्ट वाचली, मी डॉक्टर आहे, इन्सुलिन बंद करून हे चूर्ण घ्या" असा निरोप एखाद्या घाबरलेल्या माणसाला मिळाला, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. प्रणालीत सोय असेल तर सदस्यांची यादी नव्या सदस्यांपासून लपवा आणि पहिल्या महिन्यात त्यांना खासगी निरोप पाठवता येणार नाहीत असे करा. गटाच्या माथ्यावर कायमची सूचना लावा: अ‍ॅडमिन कोणालाही खासगीत औषध सुचवत नाहीत, पैसे मागत नाहीत, ओटीपी विचारत नाहीत, असा निरोप आला तर त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. सदस्यांना आणखी एक विनंती करा. जाहिरातीखाली रागावून उत्तर देऊ नका आणि ती उद्धृत तर मुळीच करू नका. उत्तर दिले की ती चर्चा पुन्हा वर येते. उद्धृत केली की तुम्ही मूळ पोस्ट काढून टाकल्यावरही लिंक दहा ठिकाणी शिल्लक राहते. तक्रारीची कळ दाबून पुढे जावे. तीन जुन्या सदस्यांनी ती कळ दाबली की पोस्ट आपोआप बाजूला जाईल, अशी व्यवस्था शक्य असेल तर करा. एका सदस्याच्या तक्रारीवर मात्र नको, कारण भांडणातही ती कळ दाबली जाते.

कायमचा उपाय आहे का, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, नाही. 2004 च्या जानेवारीत दावोसच्या परिषदेत बिल गेट्स यांनी स्पॅमचा प्रश्न दोन वर्षांत सुटेल असे भाकीत केले होते. तुम्ही आणि मी आज पत्रव्यवहार करतो आहोत, यावरूनच त्याचे काय झाले ते कळते. पण कायमचा उपाय नाही, म्हणून गट बंद करण्याची गरज आहे असे मला अजिबात वाटत नाही. नव्या सदस्यांवरची बंधने लागली की रोजच्या दहा-पंधरा जाहिरातींपैकी बऱ्याचशा लोकांना दिसण्याआधीच रांगेत थांबतील आणि त्या काढायला चार जणांत मिळून थोडा वेळ पुरेल. 2,400 माणसे जिथे एकमेकांना रात्री-अपरात्री धीर देतात, त्या जागेसाठी एवढी मेहनत मला योग्य वाटते.

आता क्रम सांगतो. यादीतले 340 शब्द आज रात्रीच काढून टाका. ठेवायचेच असतील तर जाहिरातींत वारंवार येणारे चार-सहा लिंक-पत्ते ठेवा, कारण लिंकचा पत्ता रुग्णाच्या बोलण्यात सहसा येत नाही. त्यानंतर पहिल्या तीन पोस्टची छाननी आणि लिंकवरची बंधने सुरू करा. मग घरातल्या कोणाच्या तरी जुन्या, विश्वासू खात्यावरून एक पोस्ट टाका. तिच्यात 'डायबेटिस' लिहा, 'सलोनी' लिहा, 'दुसऱ्या' लिहा, 'वजन' आणि 'डोस' लिहा. ती पोस्ट कुठेही न अडकता गटावर दिसली, की त्या सोडून गेलेल्या सदस्याला पत्र लिहा. त्यांची पोस्ट कोणी वाचून दुर्लक्षित केली नव्हती, यादीतल्या दोन अक्षरांमुळे ती कोणाला दिसलीच नव्हती, हे त्यांना स्पष्ट सांगा. चूक तुमची होती हेही सांगा. आणि परत येण्याचा आग्रह करण्याआधी, त्यांच्या आईची प्रकृती आता कशी आहे, ते विचारा.